बाई मिळते, टिकत नाही

रायगड जिल्ह्यातल्या पेण किंवा रोह्यात बाळ सांभाळायला बाई हवी असेल तर जाहिरात द्यावी लागत नाही. बाळाला न्हाऊ घालायला येणारी मावशी, अंगणवाडीच्या ताई, कोपऱ्यावरचा किराणावाला, शेजारच्या वहिनी, एवढ्यांच्या कानावर घातलं की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी दारात उभी राहते. ‘माझ्या नणंदेच्या शेजारची आहे, पोरांत रमते, हात शुद्ध आहे’ अशी शिफारस सोबत येते. बाळ रुळतं, आई कामावर जाऊ लागते आणि चार-सहा महिन्यांनी तेच घर पुन्हा त्याच माणसांच्या कानावर तेच घालत असतं.

या प्रश्नावर घराघरांत बोलणं होतं ते बहुतेक ‘विश्वासू बाई मिळत नाही हो’ या एका वाक्यावर संपतं. गावं लहान, ओळखी जुन्या, त्यामुळे माणसाची पारख इथे मुंबईपेक्षा सोपी आहे. अवघड आहे ती बाई टिकणं. ती सुटते तेव्हा कारण क्वचितच तिच्या स्वभावात असतं. बहुतेकदा ते पगारात, कामाच्या वाढत्या यादीत आणि पंचांगात असतं. घरं मात्र सगळी मेहनत शोधण्यावर घालतात आणि टिकवणं नशिबावर सोडतात.

गरज कुठून आली

पेणमध्ये बाई लागते ती शिक्षिकेला, बँकेतल्या मुलीला, दवाखान्यातल्या नर्सला, पनवेल-मुंबईला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या जोडप्याला आणि वडखळ-डोलवीच्या पोलाद कारखान्याभोवती स्थिरावलेल्या कुटुंबांना. रोह्यात धाटावची एमआयडीसी आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प यांनी हीच गरज निर्माण केली. फरक इतकाच, की तिथे बाप पाळीत काम करतो. एका आठवड्यात तो दिवसा घरी झोपलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात संध्याकाळी नसतो. बाहेरगावहून आलेल्या अशा घरांत आजी नाही. स्थानिक घरांत आजी आहे, पण तिचे गुडघे दुखतात किंवा ती अजून स्वतःच शेतावर जाते.

हे ओझं कुणाच्या अंगावर पडतं, ते २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. अशी देखभाल करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सुमारे १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ७४. त्यामुळे घराला ‘बाई हवी’ असं म्हटलं तरी व्यवहारात ती आईच्या जागी हवी असते. बोलणी आई करते, पगार बहुतेकदा आईच्या कमाईतून जातो आणि बाई आली नाही की रजाही आईच टाकते.

कायद्याने काही काळाची सोय केली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. राज्य सरकारी नोकरीत २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. पण कंत्राटी नर्स, खासगी शाळेतली शिक्षिका, दुकानातली मुलगी यांना पहिली रजासुद्धा भांडून घ्यावी लागते. दुसऱ्या टोकाला अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा हा कणा. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. त्याहून लहानांना पोषण आहार आणि लसीकरणाची सोय मिळते, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं हा काळ, जेव्हा मूल चालायला, बोलायला, तोंडात काहीही घालायला शिकतं, तो कुठल्याच व्यवस्थेच्या हिशोबात नाही. त्या अडीच वर्षांची सगळी भिस्त ‘मावशी’वर आहे.

येणारी कोण असते

ती बहुधा जवळच्या गावातली किंवा वाडीवरची असते. चाळिशी-पन्नाशीची, पोरं मोठी झालेली, किंवा नवरा गेलेली, किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून बाहेर पडलेली. ती घरी येते तेव्हा तिच्यापुढे दुसरे रस्ते बंद असतात, असं समजणं ही पहिली चूक.

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. एखाद्या कारखान्यात पावसाळ्याच्या तोंडाला डोकवावं. पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने कच्च्या मूर्ती उभ्या असतात. दारालगत चार-पाच बायका बसून मूर्तीला कागद घासत असतात, पुढच्या रांगेतल्या पितांबराला रंग देत असतात. त्यातली एखादी मूर्तींच्या पाटांमधून रांगणाऱ्या आपल्याच नातवाला एका हाताने मागे ओढत असते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा आणि त्याचा रोज वेगळा. पण या बायकांनाही हंगामात रोख रोज मिळतो, गप्पा मारायला मैत्रिणी असतात आणि दिवस उतरला की काम संपतं. बाळ सांभाळणारी बाई आपल्या पगाराची तुलना या रोजाशी करते. आईचा पगार किती आणि त्यातून तिला किती परवडतं, हा हिशोब तिच्या कामाचा नाही.

कारखान्यांखेरीज पापड-मिरगुंडांची कामं आहेत, पोह्यांच्या गिरण्या आहेत, धाटावच्या कंपन्यांत ठेकेदाराकडची साफसफाई आहे. घरची शेती असेल तर जुलैत लावणी आणि दसऱ्यानंतर कापणी असते. कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वर गौरी-गणपती, शिमगा, रोह्यात दसऱ्याच्या सुमाराला धावीर महाराजांची पालखी. हे सगळं आधीपासून माहीत असतं, तरी जुलैत ‘बाईने अचानक दगा दिला’ असं म्हटलं जातं. लावणी अचानक येत नाही. बोलणी करतानाच वर्षाचं पंचांग पुढ्यात घेऊन ‘या दिवसांत तू नसशील, तेव्हा आम्ही काय करायचं’ हे ठरवता येतं. फार थोडी घरं ते करतात.

पारख

नोव्हेंबर २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्याच खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि राज्यभर आईबाप हादरले. पाळणाघरांवर कुणाची देखरेख आहे, हा प्रश्न तेव्हा जाहीरपणे विचारला गेला. त्या प्रकरणाचा धडा असा, की दारावरची पाटी आणि भरलेली फी यांतून खात्री मिळत नाही. खात्री माणसागणिक करावी लागते.

लहान गावात ती करता येते. आधीच्या घरी जाऊन भेटावं, फोनवर भागवू नये. ‘चांगली आहे का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारावं: किती दिवस होती, का सोडलं, मूल आजारी पडलं तेव्हा तिने काय केलं, पुन्हा ठेवाल का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा थबकला तर तेच उत्तर. बाई बचत गटात असेल तर गटाच्या अध्यक्षाबाईंशी बोलावं. महिन्याच्या महिन्याला हप्ता भरणारी, बैठकीला येणारी बाई कशी वागते, ते गटाला वर्षानुवर्षं माहीत असतं. आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांचंही मत घ्यावं. आधार कार्डाची प्रत, घरचा पत्ता, घरच्या एका माणसाचा फोन नंबर घ्यावा आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. यात संशय नाही, शिस्त आहे. तिलाही ते तसंच सांगावं. आपलाही फोन नंबर आणि कामाचा पत्ता तिच्या घरी द्यावा.

बऱ्याच घरांत पहिला प्रश्न आडनावाचा असतो. आडनावावरून बाळाला कोण किती मायेने भरवेल, हे कळत नाही. त्याने निवड मात्र अर्ध्यावर येते.

तब्येतीची चौकशी मोकळेपणाने करावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तपासणीचा दिवस तिच्या पगारातून कापू नये.

आणि वाडीवरून ‘बाळाशी खेळायला’ म्हणून दहा-बारा वर्षांची पोरगी आणून ठेवण्याची जुनी रीत कुठे उरली असेल तर ती थेट गुन्हा आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सगळ्या कामांना लागू झाली.

बाई ठरली की पहिले आठ-दहा दिवस आईने किंवा आजीने घरात असावं, पण बाळ तिच्याकडे सोपवून. या दिवसांत बघायचं ते इतकंच: मूल रडलं की ती आधी काय करते, फोन किती वेळा उचलते, भरवताना घाई करते का, आणि चूक झाली तर सांगते का. दूध ओतू गेलं असं स्वतःहून सांगणारी बाई बाळ पडलं तरी सांगेल. लपवणारी तेही लपवेल.

बाळाला काय हवं

सांभाळाची सोय नसली की काय होतं, याचा एक जुना दाखला मुंबईच्या गिरण्यांचा आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन झोपवून ठेवण्याची चाल तिला सर्रास आढळली. आई दहा तास साच्यावर उभी, खोलीत पोराकडे बघायला एखादी म्हातारी, तिच्यावर आणखी चार पोरं. या बायकांत कोकणातून गेलेल्या कितीतरी होत्या. त्या मुलांवर माया करत नव्हत्या असं कोण म्हणेल?

अफू गेली, मोह गेला नाही. सर्दीच्या औषधाने मूल झोपतं, हे सगळ्यांना माहीत झालं आहे. म्हणून आईबापांनी विचारल्याशिवाय एकही थेंब औषध द्यायचं नाही, हा पहिला नियम. नेहमीपेक्षा जास्त झोपणारं, सुस्त मूल म्हणजे ‘शहाणं बाळ’ असं समजू नये. आजची नवी बाळगोळी मोबाइल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, त्यापुढे दिवसाला एक तास पुरे. पण घरातले सगळे फोनवर असताना मावशीला तेवढं बंधन घालणं चालत नाही.

अनुभवी बाईला अंघोळ, मालिश, शेक, मऊ भात, लापशी हे आईपेक्षा चांगलं येतं. तिथे तिला शिकवायला जाऊ नये. चार गोष्टी मात्र बसून, करून दाखवून सांगाव्यात. बाळाला झोपवायचं ते पाठीवर. नाका-कानात तेल सोडायचं नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. आणि घशात काही अडकलं तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारायच्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून-पालटून. शेंगदाणा, चणा, नाणं घशात गेलं की घरातून दवाखान्यात पोचायला वेळ नसतो.

ती का सोडते

पेणमधल्या कुठल्याही दोन-खोल्यांच्या फ्लॅटमधली सकाळ घ्या. बाई साडेआठला येते ती ‘फक्त बाळ’ या बोलीवर. पहिल्या आठवड्यात बाळाचे कपडे धुते, ते ठीक. दुसऱ्यात ‘बाळ झोपलंय तर तेवढी भाजी निवडून ठेवा’. महिन्याने भांडी, दोन महिन्यांनी कणीक मळून ठेवणं. पगार तोच. मधे आजी गावाहून आली की घरात दोन हुकूम सुरू होतात. आई म्हणते साखर घालू नका, आजी म्हणते घाला. बाई दोघींची बोलणी खाते. संध्याकाळी आईची गाडी उशिरा येते किंवा मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला वाहतूक अडते. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या या रस्त्याने किती आईबापांना उशीर करवला असेल, त्याची मोजदाद नाही. साडेपाचला सुटणारी बाई सात वाजता सुटते, तिची शेवटची विक्रम रिक्षा निघून गेलेली असते. पगार एक तारखेचा दहावर जातो. आणि एक दिवस तिच्या मुलाला ताप येतो, ती येत नाही, फोनवर आवाज चढतो. तीन दिवसांनी ती निरोप पाठवते: ‘कारखान्यात लागले.’

यातलं एकही कारण अविश्वासाचं नाही. उपायही साधा आहे, एका कागदावर मावणारा. कामं कोणती आणि कोणती नाहीत. वेळ किती ते किती. उशीर झाला तर तासाचे जादा पैसे. आठवड्याची सुट्टी. वर्षातल्या पगारी रजा, त्यात गणपती-शिमगा आणि लावणी. पगाराची तारीख. दिवाळीला एक पगार. सोडायचं तर दोन्ही बाजूंनी महिन्याची आगाऊ सूचना. हा कागद वाचून दाखवावा, दोघांनी सही करावी, एक प्रत तिला द्यावी. हे कोर्टात नेण्यासाठी करायचं नसतं. आठवण ठेवण्यासाठी करायचं असतं, आणि बहुतेकदा ती आठवण घरालाच लागते.

पगार ठरवताना ‘आपल्याकडे चालू भाव’ विचारण्यापेक्षा त्या भागात बाईला कारखान्यात किंवा शेतावर जो रोज मिळतो त्याला २६ ने गुणावं. त्याहून कमी दिलं तर हंगाम येताच ती जाणार. उचल मागितली तर परतफेडीचा हप्ता लिहून द्यावी. उचलीने तिला बांधून ठेवू नये. वीटभट्टीवर माणसं त्याच दोरीने बांधली जातात, ते या जिल्ह्याला नवीन नाही.

तिच्या मुलाचा प्रश्न घरं सहसा विचारतच नाहीत. आपल्या बाळाजवळ बसण्यासाठी तिने आपलं पोर कुणाकडे ठेवलं आहे? बहुतेक वेळा सासूकडे, नाहीतर शाळा बुडवणाऱ्या थोरल्या मुलीकडे. त्या मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत दोन दिवस सुट्टी मागितली तर ती द्यायला हवी.

सरकारी कागदांवर या कामगाराची नोंद आहे, पण ढिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईला नोंदणी करता येते. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारालाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. वेतन, तास, सुट्टी यांचा देशपातळीवरचा कायदा मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी समिती नेमून विचार करायला केंद्राला सांगितलं. तोवर घराने निदान तिची नोंदणी करून द्यावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. लावायचा तर तिला सांगून, बाळाच्या खोलीत, आणि ती कपडे बदलते किंवा विश्रांती घेते तिथे नाही. कॅमेरा झालेली गोष्ट दाखवतो. अवेळी घरी परतणारी आई, वर येऊन जाणाऱ्या शेजारीणबाई आणि अंगावर वळ आहे का बघणारी संध्याकाळची अंघोळ हे त्याहून जुने आणि भरवशाचे पहारेकरी आहेत.

निरोप

लहान मुलांच्या जवळिकीचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना लहानपणी एका दाईने सांभाळलं. ते चार वर्षांचे होण्याच्या सुमाराला ती नोकरी सोडून गेली. आई गमावल्यासारखं ते दुःख होतं, असं ते पुढे सांगत. मुलाला सांभाळणारी व्यक्ती दर चार महिन्यांनी बदलते तेव्हा घराला फक्त गैरसोय दिसते, मुलाचं दुःख दिसत नाही. याचा अर्थ बाहेरचा सांभाळच वाईट असा नाही. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा मागोवा घेणाऱ्या मोठ्या अभ्यासात आढळलं, की घराचा परिणाम सर्वांत मोठा असतो आणि बाहेरच्या सांभाळात त्याचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. म्हणून आईने नोकरी केली की मूल बिघडतं, ही भीती बाळगायचं कारण नाही. बाई जाणारच असेल तर नवी आणि जुनी निदान आठवडाभर एकत्र असाव्यात आणि मुलाला ती जाणार हे सांगावं. झोपेत निघून जाऊ देऊ नये.

नातं जपायची रीत आपल्याला अनोळखी नाही. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव साडेतीनशे वर्षांनीही घेतलं जातं. तिचे मुलगे राजांचे दूधभाऊ म्हणून वावरले. माया कौतुकाच्या शब्दांवर थांबली नव्हती, त्या घराला मान मिळाला होता. आजची घरं मावशीला ‘घरातलीच’ म्हणतात आणि सुट्टीचे पैसे कापतात.

घराबाहेरचा अर्धा भाग

घरातला कागद कितीही चोख असला तरी एका बाईच्या खांद्यावर सगळं ठेवणारी व्यवस्था एका तापाने कोसळते. याला जोड हवी ती पाळणाघराची. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे, तिथे आई बाळाला दूध पाजू शकते. मग कामावर जाताना त्याला ठेवायचं कुठे?

कायदे आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघराची अट होती. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच मर्यादा आहे आणि शिवाय एक सोयीची तरतूद: अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा नगरपालिकेचं वा संस्थेचं पाळणाघर वापरून ही अट पुरी करता येते. धाटावसारख्या ठिकाणी, जिथे कंपन्या एकमेकींच्या कुंपणाला लागून आहेत, हे सहज होण्याजोगं आहे. हमरापूरच्या कारखान्यांना मात्र हा कायदा पोचत नाही, कारण तिथल्या बहुतेक शेडमध्ये पन्नास माणसं नसतात. तिथे ग्रामपंचायतीनेच पुढे यायला हवं. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ नंतर ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ ही पाळणाघरं काढून त्यात गावातल्याच बायकांना शिकवून नेमलं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास. पनवेलला नोकरी करणाऱ्या आईला ते तास अपुरे आहेत, पण कारखान्यातल्या बाईला आणि मावशीच्या स्वतःच्या पोराला पुरतील.

फ्रान्सने तिसरा रस्ता काढला आहे. तिथे शेजारच्या बाईलाच घरी मुलं सांभाळण्याचा परवाना मिळतो. आधी प्रशिक्षण, मुलांची संख्या साधारण चारपर्यंत, आईबापांशी लेखी करार आणि अधूनमधून तपासणी. पेण-रोह्यात असं घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायका आजही आहेत, त्यांना फक्त कागद नाही आणि शिक्षण नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा गावातली साधनं आणि गावातली माणसं घेऊनच बालवाडी उभी केली होती. बचत गटातल्या दहा बायकांना बाळाची निगा, प्रथमोपचार आणि हिशोब शिकवणं त्याहून अवघड नाही. दोन्ही नगरपरिषदा आणि तालुक्याचं रुग्णालय मिळून हे करू शकतात.

घराने कागद लिहावा, त्याला परवानगी लागत नाही. येत्या एक तारखेला पगारासोबत तो मावशीच्या हातात देता येईल. कंपन्यांनी आणि नगरपरिषदांनी पाळणाघर काढावं, त्यासाठी कायदा तयार आहे, मागणारे कमी आहेत. बाई टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या घरांतलेच आईबाप त्या कंपन्यांत, शाळांत आणि नगरपरिषदेच्या कचेरीत नोकरीला आहेत. मागणी त्यांनीच लेखी करायची आहे.